निघालोच आहे

फोन वाजतो. "निघालास का?" पलीकडून विचारणा होते. मी टॉवेल गुंडाळून उभा, केसांतून पाणी ठिबकतंय, आणि तोंडातून शब्द बाहेरही पडलेले असतात: "निघालोच आहे."

हे वाक्य मी आयुष्यात किती वेळा बोललो असेन, देव जाणे. (तो खरोखरच जाणतो, हीच तर अडचण.) त्या क्षणी खरं सांगितलं असतं तरी आभाळ कोसळणार नव्हतं. "अजून अर्धा तास लागेल" म्हटलं असतं तर पलीकडून एक उसासा आला असता, एवढंच. पण तो उसासाही मला सोसत नाही. तो टळावा म्हणून मी खोटं बोलतो, आणि पोचल्यावर पहिलं खोटं झाकायला रस्त्यावरच्या गर्दीच्या नावाने दुसरं.

पापावर लिहायचं म्हटलं की वाचणाऱ्याला काहीतरी घसघशीत हवं असतं. दारू, जुगार, मध्यरात्री दार लावून मोबाइलवर पाहिलेलं काहीबाही. माझ्या पापाला तेवढाही मान नाही. ते दिसायला इतकं किरकोळ की कुणापुढे कबूल केलं तर समोरचा माझीच समजूत काढतो, "अहो, एवढंतेवढं सगळेच बोलतात." वीस वर्षं मीही या 'सगळेच'च्या गर्दीत अंग चोरून उभा राहिलो. न उघडलेला कागद "वाचला" म्हणालो. न आवडलेल्याला "फारच छान". आणि ज्यांच्यासाठी एकदाही गुडघे टेकले नव्हते त्यांना "तुमच्यासाठी प्रार्थना करतोय हं". हे शेवटचं खोटं आम्हा विश्वासी मंडळींत फार बोकाळलं आहे. त्याला कुणी खोटं म्हणतच नाही, शिष्टाचार म्हणतात.

संत ऑगस्टीनने खोटं बोलण्यावर एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला आहे. त्यात त्याने खोट्याचे आठ प्रकार पाडले. सगळ्यात घोर म्हणून धर्मशिक्षणातलं खोटं सुरुवातीला, कुणाचंही नुकसान न करता एखाद्याची अब्रू वाचवणारं शेवटी, आणि आठांपैकी एकालाही सूट नाही. पाचव्या प्रकारापाशी मी खुर्चीत सावरून बसलो: गोड बोलून लोकांना खूश ठेवण्यासाठी बोललेलं खोटं. सोळाशे वर्षांपूर्वीच्या माणसाने माझा पत्ता बिनचूक लिहून ठेवला होता.

तरीही ग्रंथ वाचून जीभ सुधारली असं काही झालं नाही. मी मुळापासून हललो तो माझ्याच साक्षीने.

चर्चबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते मंडळीपुढे उभं राहून सांगणं, याला आमच्यात साक्ष देणं म्हणतात. त्या वर्षी उपवास-प्रार्थनेच्या सभेत मी पुढे गेलो होतो, गुडघ्यांवर बसलो होतो, रडलो होतो, आणि ते रडणं खरं होतं. पुढचे नऊ दिवस मी एकही खोटं बोललो नाही. दहाव्या दिवशी फोन वाजला आणि पुन्हा टॉवेलातच "निघालोच आहे". दोनेक महिन्यांनी पाळकांनी विचारलं, "येत्या रविवारी साक्ष द्याल का?" मला नाही म्हणता आलं असतं तर हा लेखच लिहावा लागला नसता.

माइकपाशी उभा राहिलो. पहिल्या रांगेत एक आजी डोळे मिटून बसल्या होत्या. मी बोलत गेलो आणि बोलता बोलता जाणवलं की लोकांना कथा आवडते आहे. खरी गोष्ट नऊ दिवसांची होती. पण नऊ दिवसांच्या गोष्टीला शेवट कुठला चांगला मिळणार? "त्या दिवसापासून आजपर्यंत," मी म्हणालो, "माझ्या जिभेवर एकही असत्य आलेलं नाही." मंडळीतून "हालेलूया" आलं. आजींनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. माझा हात माइकच्या दांड्यावर होता, घामाने चिकटलेला. तो काढला तेव्हा दांड्यावर ओला ठसा उमटला होता. मी जागेवर जाऊन बसेपर्यंत तो विरत गेला, आणि मी त्याच्याकडेच बघत होतो.

"तू आपल्या शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको." संडे स्कूलमध्ये ही आज्ञा पाठ केली तेव्हा डोळ्यांपुढे न्यायाधीश, पिंजरा, आरोपी असं सगळं यायचं. खोटी साक्ष देवाच्या बाजूनेही देता येते, हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

त्यानंतर जे झालं ते मात्र नवं नव्हतं. शरम वाटली. शरमेमुळे प्रार्थनेला बसवेना. बसवेना म्हणून बायबल मिटलेलंच राहिलं. आणि मग, आता घसरलोच आहोत तर दोन-चारांनी काय बिघडतं, असा एक सैलपणा आला. अशी सवय ज्याला आहे त्याला हा क्रम तोंडपाठ असतो. शपथ, काही बरे दिवस, घसरण, शरम, लपणं, लपण्यात आणखी घसरण, कंटाळा, पुन्हा शपथ. ऑगस्टीननेच आपल्या तारुण्याबद्दल लिहिताना साखळीची उपमा वापरली आहे: वाकड्या इच्छेतून वासना, वासनेची चाकरी करता करता सवय, आणि सवयीला अडवलं नाही की तिची गरज होऊन बसते. कडीत कडी. मला त्या साखळीबद्दल एकच भर घालावीशी वाटते. माझ्या बाबतीत सवयीला खरं खतपाणी पडण्याच्या क्षणात मिळत नव्हतं. खोटं बोलायला दोन सेकंद लागत. ती पोसली जायची नंतरच्या दिवसांत, जेव्हा मी देवापासून आणि माणसांपासून तोंड लपवून फिरायचो. एदेन बागेतही फळ खाऊन झाल्यावर आदाम काय करतो? झाडांमागे लपतो. आणि देवाचा पहिला प्रश्न "काय केलंस?" हा नाही, "तू कोठे आहेस?" हा आहे.

आपला 'पश्चात्ताप' हा शब्द मला एरवी फार आवडतो. पश्चात् आणि ताप, मागाहून होणारी होरपळ. पण तो अर्धीच गोष्ट सांगतो. नव्या करारातला ग्रीक शब्द 'मेटानोइया' हा मन पालटण्याचा आहे. जुन्या करारातले संदेष्टे ज्या हिब्रू क्रियापदाने लोकांना हाका मारतात ते 'शूव', म्हणजे मागे फिरणं, परत येणं. मला ताप भरपूर यायचा. रात्र रात्र यायचा. आणि ताप येऊन गेला की शिक्षा भोगून झाली, हिशेब मिटला, असं वाटायचं. परत येणं तेवढं राहून जायचं.

'शूव'ला सगळ्यात जवळचं मराठी क्रियापद कुठलं असेल तर ते 'वळणं'. मराठीत या शब्दाने केवढा संसार मांडला आहे! सवय अंगवळणी पडते. मुलांना वळण लावतात. अक्षराला वळण असतं. ज्याने मोठेपणी हस्ताक्षर सुधारायचा प्रयत्न केला असेल त्याला विचारा. पहिल्या दोन ओळी टपोऱ्या मोत्यांसारख्या, तिसरीपासून जुनं गिचमीड पुन्हा हजर. निश्चय कमी पडतो असं नाही. हाताला रस्ता माहीत असतो. तो एकेक अक्षर गिरवून नव्याने शिकवावा लागतो, आणि मध्येच जुनं अक्षर उमटलं म्हणून वही फाडून चालत नाही. मी वीस वर्षं वह्या फाडत आलो होतो.

त्या कोरड्या दिवसांत एका रात्री झोप येईना म्हणून बायबलमधलं उत्पत्तीचं पुस्तक उघडलं. माहितीतल्या गोष्टी, वाचून झोप येईल असा हिशेब. पण यावेळी त्यांतलं खोटंच डोळ्यांत भरू लागलं. बाराव्या अध्यायात अब्राम जीव वाचवायला मिसरात बायकोला बहीण म्हणून सांगतो. मग देव त्याच्याशी करार करतो, त्याचं नाव बदलून अब्राहाम ठेवतो, त्याला पुत्राचं वचन देतो. आणि एवढं सगळं झाल्यावर, विसाव्या अध्यायात, गरारमध्ये तो पुन्हा तेच खोटं बोलतो. शब्दसुद्धा तेच. पकडला गेल्यावर वर सांगतो की ती माझी सावत्र बहीण आहेच, म्हणजे अगदी खोटं नाही. (अर्धसत्याची ही युक्ती मला घरची वाटली.) शिवाय कबूल करतो की घर सोडलं तेव्हाच आमचं ठरलं होतं, जिथे जाऊ तिथे असंच सांगायचं. म्हणजे ही एकदोनदाची चूक नव्हती, व्यवस्था होती. सव्विसाव्या अध्यायात मुलगा इसहाक त्याच गरारमध्ये रिबकेबद्दल तेच सांगतो, आणि राजा अबीमलेख खिडकीतून बघतो म्हणून उघडा पडतो. पाप वारशाने येतं का यावर मोठाली पुस्तकं आहेत. मला तेवढी खिडकी पुरली.

तिसऱ्या पिढीत याकोब. केसाळ थोरल्या भावाचा आशीर्वाद लाटायला आंधळ्या बापापुढे करडांची कातडी हातांवर बांधून उभा. बाप विचारतो, तू कोण? तो म्हणतो, मी एसाव, तुमचा ज्येष्ठ मुलगा. बापाला शंका येते, शिकार इतक्या लवकर कशी मिळाली? आणि याकोब म्हणतो, तुमचा देव परमेश्वर याने ती माझ्यापुढे आणली.

इथे मी पुस्तक पालथं घातलं. हे तर माइकपाशी उभं राहून मी बोललो होतो. खोट्याला टेकू हवा म्हणून देवाचं नाव.

पुढची गोष्ट ठाऊक होती, तरी वाचली. वीस वर्षं परमुलखात, तिथे मामा लाबान याच्याहून वरचढ फसवणारा भेटतो, आणि परतताना याब्बोक नदीपाशी रात्रभर कुणाशी तरी झोंबी. पहाट होताना तो कुणीतरी विचारतो, "तुझं नाव काय?" बापाने विचारलं होतं तोच प्रश्न. या खेपेला उत्तर येतं, "याकोब." बस, एवढंच. ज्या नावाचा एसाव 'फसवणारा' असा अर्थ लावतो ते नाव तो स्वतःच्या तोंडाने घेतो, आणि त्यानंतर त्याला नवं नाव मिळतं. जांघेचा सांधा निखळतो, तो लंगडत सूर्योदयात चालू लागतो. अनेक प्रवचनं इथे संपतात. माझी झोप तोवर उडालेली होती म्हणून मी पान उलटलं.

तेहतिसावा अध्याय. एसाव धावत येऊन मिठी मारतो, दोघे रडतात, मग एसाव म्हणतो, चल, बरोबरच जाऊ. याकोब म्हणतो, महाराज, मुलं लहान आहेत, गुरंढोरं दुभती आहेत, आपण पुढे व्हा, मी हळूहळू मागून येतो, सेईरास आपल्याकडे पोचेन. एसाव जातो. आणि याकोब सुक्कोथला जाऊन घर बांधतो. तो सेईराला गेल्याचं त्या अध्यायात कुठेही नाही.

मी अंथरुणात एकटाच मोठ्याने हसलो. आपण पुढे व्हा, मी निघालोच आहे! रात्रभर देवाशी झुंजलेला, नवं नाव मिळालेला, अजून लंगडणारा माणूस भावाला टोलवतो आहे. त्याने मला खोटं बोलायची मुभा दिली असं नाही. पण देव पुढे स्वतःची ओळख करून देताना अब्राहामाचा देव, इसहाकाचा देव, याकोबाचा देव असं म्हणतो, हे मी शेकडो वेळा ऐकलं होतं. तीन थापाडे. त्यांची नावं आपल्या नावाला लावून घ्यायला त्याला लाज वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी मी मंडळीतल्या एका काकांकडे गेलो. निवृत्त, कमी बोलणारे, प्रार्थनासभेत कधी पुढे न येणारे. त्यांना म्हणालो, "काका, मला खोटं बोलायची सवय आहे." ते हसले नाहीत. "दिवसातून किती वेळा?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "दोन-तीनदा."

घरी परतताना जिन्यातच थांबलो. दोन-तीनदा? कबुली देतानासुद्धा घासाघीस केली होती. मागे वळलो, पुन्हा बेल वाजवली. "काका, दोन-तीन नाही. दहा-बारा तरी असतील. मी मोजलेलं नाही."

त्यांनी दार पूर्ण उघडलं. "हे बघ," ते म्हणाले, "आत्ता जे केलंस ना, तेवढंच करत जा. खोटं निसटलं की त्याच माणसाकडे, जमलं तर त्याच दिवशी, परत जायचं. देवाकडे जातोस तसं माणसाकडेही. आणि किती वेळात परतलास ते बघ. किती वेळा पडलास ते मग बघू."

वाळवंटात राहिलेल्या जुन्या ख्रिस्ती तपस्व्यांची एक गोष्ट त्यांनी त्या दिवशी सांगितली. अब्बा सिसोईकडे एक भाऊ येतो. अब्बा, मी पडलो, काय करू? ऊठ. उठलो, पुन्हा पडलो. पुन्हा ऊठ, आणि पुन्हा ऊठ. कुठवर? मरण येईल तोवर. ते तुला पडलेल्या स्थितीत गाठेल की उठताना, एवढंच. मला ही गोष्ट तेव्हा जरा निराशाजनक वाटली होती. बरं होण्याचा त्यात शब्दही नाही.

काकांनी एक छोटी वहीसुद्धा दिली. ते स्वतः कट्टर प्रॉटेस्टंट, पण ही युक्ती जेझुइट संघ स्थापणाऱ्या कॅथलिक इग्नेशियस लोयोलाची. त्याच्या साधनापुस्तिकेला पोपची मान्यता मिळाली 1548 मध्ये. तीत सांगितलं आहे की एकच दोष निवडावा, रोजच्या दोन ओळी आखाव्यात, दुपारपर्यंतच्या घसरणी एका ओळीवर ठिपक्यांनी आणि रात्रीपर्यंतच्या दुसरीवर मांडाव्यात, आणि मग दिवसाशी दिवस, आठवड्याशी आठवडा ताडून बघावा. त्यातली मला सगळ्यात आवडलेली बाब ही: ज्या क्षणी घसरलो त्या क्षणी हात छातीवर ठेवायचा. चार माणसांत असलात तरी करता येतं, कुणाला कळत नाही, असंही तो माणूस लिहून ठेवतो. पूर्वी सैनिक होता, कवायतीची नजर दिसते. माझा हात शर्टाच्या खिशाकडे जायचा. लोकांना वाटे, पेन शोधतोय.

पहिल्या दिवशी दुपारपर्यंतचेच ठिपके नऊ झाले. मला इतकी शरम वाटली की दहावा मांडायचा टाळला, मग टाळलं म्हणून आणखी एक मांडला. ही वही ठेवताना एक धोका आहे आणि तो मी भोगला. काही आठवडे मला ठिपक्यांचाच नाद लागला. कमी झाले की मी देवासमोर ताठ, वाढले की तोंड लपवतोय. म्हणजे पुन्हा तीच गत, आता आखलेल्या कागदावर. काकांनी वही मागून घेतली आणि शेवटच्या पानावर पौलाचं रोमकरांस पत्रातलं वाक्य लिहून परत दिली, आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला. "ठिपके याच्यानंतरचे आहेत," एवढंच म्हणाले.

ते वाक्य मला लहानपणापासून पाठ. कळलं मात्र ऑफिसात.

एका सकाळी बैठकीत सहकारी बाईंनी विचारलं, "माझी टिपणं वाचलीत ना?" "हो, वाचली. छान आहेत." हात खिशाकडे गेला. टिपणांची फाइल मी उघडलीही नव्हती. त्यांनी माझ्या शब्दावर पुढचं काम ठरवायला घेतलं. दुपारी त्यांच्या टेबलापाशी गेलो. तिथवरच्या वीसेक पावलांत मी तीन बहाणे रचले आणि तिन्ही गिळले. त्या काहीतरी टाइप करत होत्या. "सकाळी मी टिपणं वाचली म्हणालो ते खोटं होतं," मी म्हणालो. "आज रात्री वाचतो आणि उद्या सांगतो." त्यांची बोटं कीबोर्डवर थांबली. वर न बघता म्हणाल्या, "माहीत होतं मला."

"मग?"

"मग काय. तुमचं नेहमीचंच आहे. उद्या सकाळपर्यंत सांगा, दुरुस्त्या करायला वेळ हवा." आणि टाइप करू लागल्या.

मी परत येऊन बसलो तेव्हा कान तापले होते. ज्या अब्रूसाठी वीस वर्षं खपलो ती मुळात नव्हतीच. सगळ्यांना माहीत होतं. आणि तरीही लोक माझ्याबरोबर काम करत होते, फोन करत होते, जेवायला थांबत होते. कुणीतरी नाराज होईल, मग मी नकोसा होईन, या एका भीतीवर माझं सगळं खोटं उभं होतं. जिभेला कितीही लगाम घातला तरी भीती मागून ढोसणी देतच होती. तिच्यावर शपथेचा काडीचा उपयोग नव्हता. आपलं सगळं आधीच कुणालातरी माहीत आहे, आणि माहीत असूनच त्याने आपल्याला जवळ केलं आहे, याची खात्री पटली तरच ती हलते. कृपा हा शब्द मी तोवर माफी या अर्थाने वापरत होतो. त्या दुपारी तो ओळख या अर्थाने कळला. "देव जाणे" हे धमकीसारखं वाटायचं, ते थोडं दिलाशासारखं वाटू लागलं.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण गैरसमज होऊ शकतो. माझी सवय जिभेची होती. ज्यांची सवय दारूची, नशेच्या गोळ्यांची किंवा शरीराला जखडणारी आहे त्यांना नुसतं "प्रार्थना करा, सुटेल" म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. जुनी दारू अचानक तोडली तर जिवावर बेतू शकतं, तिथे डॉक्टर लागतातच. डॉक्टरकडे जाणं हा अविश्वास नाही. लपणं सोडण्याचीच ती एक रीत आहे. पवित्र आत्मा डॉक्टरच्या खोलीबाहेर थांबून राहतो असं कुणी समजू नये.

नियम त्याच माणसाकडे परत जाण्याचा होता, तेव्हा एक हिशेब उरला होता. अख्ख्या मंडळीचा. तिथे परत जायला मला सात महिने लागले. आधी पाळकांना भेटलो. ते बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "रविवारी पाच मिनिटं देतो." या साक्षीला मी कागद लिहून नेला, फुगवायला जागा राहू नये म्हणून. नऊ दिवस होते, सांगितलं. दहाव्याची गोष्ट सांगितली. माइक तोच होता. "हालेलूया" कुणी म्हणालं नाही. मागे कुणीतरी खोकलं. मी बसलो, गीत सुरू झालं, आणि मला वाटलं, चूक केली, हे घरी ठेवायला हवं होतं.

बाहेर पडताना पहिल्या रांगेतल्या आजींनी माझं मनगट धरलं. मला वाटलं, रागावतील. त्यांनी मला भिंतीकडे बाजूला घेतलं, आजूबाजूला पाहिलं आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "आता माझं एक सांगते. चाळीस वर्षं कुणाला सांगितलं नाही." मग सांगितलं. ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण आपली पापं एकमेकांजवळ कबूल करा आणि एकमेकांसाठी प्रार्थना करा, असं नव्या करारातल्या याकोबाच्या पत्रात (हा याकोब वेगळा) का लिहिलं आहे, ते मला तिथे भिंतीपाशी समजलं. दोन माणसं झाडामागून बाहेर आली होती, आणि तिथे अंधारबिंधार काही नव्हता, चांगलं ऊन होतं.

म्हणजे सुटलो का? ऑगस्टीनच्या बागेतली गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते: 386 साल, मिलान, अंजिराच्या झाडाखाली तो रडतोय, कुठूनतरी पोराचा आवाज येतो, घे आणि वाच. पुढच्या ईस्टरला त्याचा बाप्तिस्मा झाला. याकोबाच्या गोष्टीसारखीच ही गोष्टही आपण तिथे थांबवतो. पण दहाएक वर्षांनी, बिशप झाल्यावर, ही गोष्ट ज्यात सांगितली त्याच आत्मकथनात तो लिहितो की जुन्या सवयीची चित्रं अजून स्वप्नात येतात आणि झोपेत मी त्यांना बळीही पडतो. केवढा मोठा माणूस, आणि साक्ष किती नेमकी! नऊ दिवस असतील तर नऊच. त्याच्या त्या पानासाठी मी त्याला पाचव्या प्रकाराची सगळी बोलणी माफ केली.

माझ्या वहीतले ठिपके कमी झाले आहेत. किती, ते सांगत नाही. आकडा सांगताना माझ्यावर माझा अजून भरवसा नाही. काही आठवडे कोरे जातात. मग एखादा दिवस येतो, दमलेलो असतो, समोरचं माणूस जरा मोठं असतं, आणि सकाळीच तीन ठिपके पडतात. फरक आहे तो त्यानंतरच्या वेळात. पूर्वी पडल्यावर दोन महिने जायचे. मग दोन दिवस. अलीकडे कधीकधी वाक्य पुरं व्हायच्या आत वळतो, "हो वाचलं, म्हणजे नाही, वाचलेलं नाही," आणि लोक चमत्कारिक नजरेने बघतात. सिसोईची गोष्ट आता तितकी निराश वाटत नाही.

परवा संध्याकाळी फोन वाजला. काकांचाच. त्यांना दवाखान्यात न्यायचं होतं. "निघालास का?"

टॉवेल, पाणी, सगळं तसंच. "नाही काका," मी म्हणालो. "अजून अंघोळच झाली आहे. वीस मिनिटांत पोचतो."

"बरं."

फोन ठेवला, शर्ट घातला, आणि हात आपोआप खिशाकडे गेला. वीस मिनिटं? नुसतं जायलाच अर्धा तास लागतो. मी फोन उचलून पुन्हा लावला.

"काका, वीस नाही. चाळीस."

"माहीत आहे," ते म्हणाले. "मी अजून पायमोजेच शोधतोय."